टाइल्सच्या आधी पाइप : जर्मनीतल्या घरात बाथरूम नव्याने करताना



आज घराबद्दल बोलू या. त्यातही अशा खोलीबद्दल, जिचं क्षेत्रफळ जेमतेम पाच-सहा चौरस मीटर असतं, पण काम काढलं की खिशाला सगळ्यात मोठं भोक तीच पाडते. बाथरूम.

आपल्यातल्या अनेकांनी जर्मनीत घर घेतलंय, किंवा घ्यायच्या विचारात आहेत. नवं घर बजेटात बसत नाही, मग साठ-सत्तरच्या दशकातल्या इमारतीतला फ्लॅट किंवा जुनं रो-हाउस घेतलं जातं. किल्ली हातात आली की पहिला विचार येतो तो बाथरूमचा. ते तपकिरी टाइल्सचं बाथरूम काढून टाकू, टब काढून शॉवर करू, कमोड या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेऊ. रविवारी टाइल्सच्या दुकानात चक्कर होते, मोबाइलमध्ये फोटो जमतात. आणि पाइपाचा विषय निघतो तो थेट जुन्या टाइल्स फुटल्यावर.

माझं आजचं सांगणं एवढंच आहे : क्रम उलटा करा. आधी सांडपाण्याची वाट ठरवा. तिच्या जोडीने हवेची वाट ठरवा. मग भांडी कुठे बसवायची ते ठरवा. टाइल्स सगळ्यात शेवटी. मी व्यवसायाने आयटी कन्सल्टंट, शिक्षणाने एमबीए. पाना-पक्कड हे काही माझ्या पोटापाण्याचं साधन नाही. पण आमच्या घराचं काम करताना इथले नियम वाचले, कारागिरांशी बोललो, टिपणं काढली. ती आज तुमच्यापुढे ठेवतो. पाइप जोडायला तुम्ही शिकावं म्हणून नाही, तर इन्स्टालाट्योर समोर बसेल तेव्हा त्याला नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून.

सुरुवातीला आपल्याकडच्या आणि इथल्या बाथरूममधला फरक लक्षात घेऊ. आपल्याकडे न्हाणीघर ओलंच असायचं. बादली-तांब्या घ्यायचा, पाणी कुठेही सांडलं तरी उतार नहाणी ट्रॅपकडे. फरशी बुडवून खाली घेतलेली, त्यात पाइप मोकळेपणाने फिरवता येतात. संडासाचा पाइप वेगळा, मोरीच्या पाण्याचा वेगळा, आणि पुण्या-मुंबईच्या इमारतींत हे पाइप बाहेरच्या भिंतीवरून किंवा डक्टमधून उघडे उतरतात. काही गळलं की लगेच दिसतं.

इथलं बाथरूम कोरडं. फरशीत बहुधा जाळी नसते. संडास, बेसिन, शॉवर, टब यांचं सगळं पाणी एकाच उभ्या पाइपात जातं आणि तो पाइप भिंतीच्या आत, शाफ्टमध्ये दडलेला असतो. त्याला म्हणतात फाललायटुंग. फालन म्हणजे पडणं. ज्यातून पाणी पडतं तो पाइप. कागदावर पहिली खूण करायची ती या फाललायटुंगची. बाकी सगळं बाथरूम त्याच्याभोवती फिरतं.

तो कुठे आहे हे कसं ओळखायचं? कमोड ज्या भिंतीला टेकलेला आहे, तिथेच किंवा त्याच्या हातभर अंतरावर तो बहुतेक वेळा सापडतो. तळघरात जा आणि छताखालून जाणारे जाड पाइप पाहा. माळ्यावर जा, छतातून बाहेर जाणारा पाइप पाहा. वर आणि खाली सापडला की मधली रेघ आपोआप कळते. हाउसफेरवाल्टुंगकडे, म्हणजे इमारतीचं व्यवस्थापन पाहणाऱ्यांकडे, जुने नकाशे मागा. आणि पाइप कशाचा आहे ते पाहा. घरातला राखाडी प्लास्टिकचा पाइप म्हणजे एचटी. जमिनीखालचा नारिंगी तो केजी. जुन्या आणि मोठ्या इमारतींत बिडाचा ओतीव पाइप असतो.

इथे एक सावधगिरी. जर्मनीत अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आली ती १९९३ मध्ये. त्याआधीच्या इमारतीत टाइल्सच्या गोंदात, भिंतीच्या लांबीत, कधी पाइपातसुद्धा तो असू शकतो. म्हणून हातोडा चालवायच्या आधी नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. मित्रांना बोलावून शनिवारी टाइल्स फोडायचा बेत असेल, तर त्याच्या आधी हे काम.

आता पाण्याची वाट.

घरातल्या सांडपाण्यासाठी इथे दोन मानकं एकत्र वाचली जातात. युरोपीय मानक डिन ईएन १२०५६ आणि त्याला जर्मनीपुरती जोड देणारं डिन १९८६-१००. आकडे कोरडे वाटतील, पण चारच लक्षात ठेवा. भांड्यापासून फाललायटुंगपर्यंतच्या आडव्या पाइपाला स्वतंत्र हवा दिलेली नसेल, तर त्याची लांबी जास्तीत जास्त ४ मीटर. त्याला ९० अंशांची वळणं जास्तीत जास्त तीन. भांड्याला जोडतानाचं वळण त्यात धरायचं नाही. दोन टोकांच्या उंचीतला फरक जास्तीत जास्त १ मीटर. आणि उतार किमान १ टक्का, म्हणजे दर मीटरला १ सेंटीमीटर.

उतार जास्त दिला तर बरंच ना, असं वाटतं. तसं नाही. उतार फार तीव्र असला की पाणी पुढे पळतं आणि घाण मागे राहते. अगदी सपाट ठेवला तर दोन्ही तिथेच थांबतात. इथला आडवा पाइप अर्धा भरून वाहावा, अशा हिशोबाने धरलेला असतो. खालच्या अर्ध्यातून पाणी जातं, वरच्या अर्ध्यातून हवा. हा वरचा रिकामा अर्धा भाग वाया गेलेला नाही, तो हवेचा आहे. थोड्या वेळाने त्याच्याकडे परत येऊ.

पाइपाच्या मापाला इथे डीएन म्हणतात. बेसिनला डीएन ४०, शॉवर आणि टबला डीएन ५०, कमोडला डीएन ९० किंवा १००. बाजारातल्या राखाडी पाइपावर ११० छापलेलं दिसलं तर गोंधळू नका, तो बाहेरचा व्यास आहे. नियम सोपा : पाणी पुढे जाताना पाइप मोठा होऊ शकतो, लहान कधीच नाही.

आता हे आकडे जमिनीवर उतरवू. समजा, कमोड सध्याच्या जागेवरून समोरच्या भिंतीला न्यायचा आहे आणि पाइपाची लांबी साडेतीन मीटर होते. चार मीटरच्या आत आहे, म्हणजे जमलं? थांबा. एक टक्क्याने साडेतीन सेंटीमीटर उतार लागेल. पाइप स्वतः ११ सेंटीमीटरचा. झाले साडेचौदा. जुन्या इमारतीत स्लॅबवरचा एस्ट्रिशचा थर, म्हणजे आपल्याकडच्या फरशीखालच्या कोब्यासारखा थर, क्वचितच एवढा जाड असतो. मग पाइप भिंतीच्या पुढे उभारलेल्या खोट्या भिंतीतून न्यावा लागतो. तिला इथे फोरवांड म्हणतात. फोरवांड चांगली सोय आहे. मूळ भिंत फोडावी लागत नाही, फ्लशची टाकीही तिच्यातच बसते. पण ती १५-२० सेंटीमीटर जागा खाते. आणि वाटेत दार आलं तर खेळ संपला, कारण दारातून पाइप आडवा नेता येत नाही. तेव्हा कमोड शक्यतो फाललायटुंगच्या जवळच ठेवा. बेसिन लांब नेता येतं, त्याचा पाइप लहान असतो. कमोडने जागा निवडली की बाकीच्यांनी उरलेल्या जागेत बसायचं.

दुसरं उदाहरण शॉवरचं. सध्या सगळ्यांना उंबरा नसलेला, फरशीच्या पातळीतला शॉवर हवा असतो. आई-बाबा भारतातून येतात, त्यांच्या गुडघ्यांना तो बरा, आणि आपल्यालाही पुढे लागणारच आहे. पण हिशोब असा : शॉवरच्या जाळीखालच्या भांड्याला, ट्रॅपसकट, साधारण ९ सेंटीमीटर उंची लागते. फाललायटुंग २ मीटरवर असेल तर उताराचे २ सेंटीमीटर. झाले ११. वर टाइल आणि गोंद. तुमच्या फरशीत एवढी खोली आहे का? हे टाइल्सच्या दुकानात कळत नाही. कोपऱ्यात एक लहान भोक पाडून एस्ट्रिशची जाडी मोजली की कळतं. खोली नसेल तर तीन वाटा आहेत. शॉवर फाललायटुंगच्या जवळ आणा, किंवा एक छोटी पायरी स्वीकारा, किंवा कमी उंचीचं भांडं घ्या. तिसरी वाट निवडण्याआधी पुढचं ऐका.

हवेची वाट.

प्रत्येक बेसिनखाली एक वाकडा पाइप असतो आणि त्यात नेहमी थोडं पाणी साचलेलं असतं. तोच ट्रॅप. इथे त्याला झिफॉन किंवा गेरुखफरश्लुस म्हणतात, म्हणजे वासाला घातलेलं कुलूप. लंडनमध्ये अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने १७७५ मध्ये अशा वाकड्या पाइपाच्या संडासाचं पेटंट घेतलं. गटारातली हवा आणि तुमचं घर यांच्यामध्ये आजही उभा आहे तो तेवढाच पाण्याचा थर. सांडपाण्याच्या ट्रॅपमध्ये त्याची उंची किमान ५० मिलिमीटर हवी. कमी उंचीच्या शॉवर-भांड्यात ती बऱ्याचदा ३० मिलिमीटरच असते. म्हणजे फरशीत वाचवलेले दोन सेंटीमीटर कुलुपातून गेलेले असतात. पर्यायच नसेल तेव्हा ते वापरा, पण काय देऊन काय घेतलं हे माहीत असू द्या.

हे कुलूप उघडतं कसं? लहानपणी वाण्याकडे पंधरा किलोचा तेलाचा डबा पाहिला असेल. एकच भोक पाडून ओतला तर डबा गुडगुडतो, तेल अडखळत पडतं. समोर दुसरं भोक पाडलं की धार सरळ लागते. तेलाची जागा घ्यायला हवा आत यावी लागते. फाललायटुंगमध्ये हेच होतं. तिसऱ्या मजल्यावर कुणी फ्लश केला की पाण्याचा लोट खाली येतो आणि मागे हवा ओढतो. वरून हवा मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर ती सगळ्यात जवळच्या वाटेने येते, म्हणजे तुमच्या बेसिनच्या ट्रॅपमधून, तिथलं पाणी ओढून. बेसिन गुडगुडलं की समजा, हवा कमी पडते आहे. उलट, तळाशी जिथे उभा पाइप आडवा होतो, तिथे लोट आदळून हवा दाबली जाते आणि खालच्या मजल्यावरच्या ट्रॅपमधून वर येऊ पाहते. म्हणून त्या तळाच्या वळणाजवळ नवी जोडणी करायची नसते, आणि ते वळण एका झटक्यात ९० अंशांचं न करता ४५ अंशांच्या दोन तुकड्यांनी करतात.

म्हणून इथला नियम असा की फाललायटुंग वरच्या मजल्यावर संपत नाही. ती छताच्या वर जाते आणि उघडी राहते. तेच आपलं दुसरं भोक. माळ्यावर राहायला खोली किंवा नवं बाथरूम करणाऱ्यांनी हे कानात साठवून ठेवा : मधे येणारा तो पाइप निरुपयोगी नाही. तो कापून टोपण लावू नका. वाकवून नेता येतो, बंद करता येत नाही. छतावर नवी खिडकी काढणार असाल तर पाइपाचं तोंड खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा किमान १ मीटर उंच हवं, किंवा बाजूला किमान २ मीटर दूर. नाहीतर इमारतीचा वास तुमच्या उशाशी.

याशिवाय एक झडप मिळते. तिचं नाव बेल्युफ्टुंग्सव्हेंटील. पाइपात ओढ निर्माण झाली की ती हवा आत घेते, पण आतली हवा बाहेर सोडत नाही. उपयोगाची वस्तू आहे. आपण चार आकडे पाहिले, ४ मीटर, तीन वळणं वगैरे. ते ओलांडायचे असतील तर आडव्या पाइपाला स्वतंत्र हवा द्यावी लागते. ती फाललायटुंगला वरून वळसा घालून जोडलेल्या दुसऱ्या पाइपाने देता येते, किंवा अशा झडपेने. मग १० मीटरपर्यंत जाता येतं आणि अर्धा टक्का उतारही चालतो. पण छतावरच्या उघड्या पाइपाच्या जागी झडप बसवणं सरसकट चालत नाही. एक-दोन कुटुंबांच्या घरात, आणि तेही दुसरी किमान एक फाललायटुंग छतावर उघडी असेल तरच, ती मुभा आहे. झडपेपर्यंत हवा पोचली पाहिजे आणि हातही. टाइल्सच्या मागे कायमची चिणून टाकलेली झडप असून नसल्यासारखी.

हे सगळं फक्त वासापुरतं आहे का? २००३ साली सार्सची साथ आली तेव्हा हाँगकाँगच्या अ‍ॅमॉय गार्डन्स या वसाहतीत तीनशेहून अधिक रहिवाशांना लागण झाली. तपासात लक्ष गेलं ते बाथरूममधल्या फरशीच्या ट्रॅपकडे. वापर नसल्याने ते सुकले होते, आणि बाथरूमचा पंखा चालू केला की सांडपाण्याच्या पाइपातली हवा आत ओढली जात होती. इथल्या बिनखिडकीच्या बाथरूममध्येही असाच पंखा असतो. तेव्हा पन्नास मिलिमीटर पाणी ही क्षुल्लक गोष्ट समजू नका.

आकडेमोडीची आवड असणाऱ्यांसाठी एक छोटं गणित. प्रत्येक भांड्याला एक आकडा दिलेला असतो, सेकंदाला किती लिटर सोडतं त्याचा. बेसिन ०.५, साधा शॉवर ०.६, टब ०.८, सहा लिटरच्या टाकीचा कमोड २. बेरीज ३.९. सगळी भांडी एकाच क्षणी वाहत नाहीत, म्हणून बेरजेचं वर्गमूळ काढायचं आणि घरासाठी त्याला ०.५ ने गुणायचं. उत्तर येतं साधारण १. पण एकटा कमोडच २ लिटर सोडतो, आणि सर्वात मोठ्या भांड्यापेक्षा कमी धरायचं नसतं. म्हणजे हिशोब २ लिटरचा. यातून कळतं ते हे : शॉवरचं डोकं दोनाऐवजी एक लावल्याने मुख्य पाइपात फरक पडत नाही. पाइपाचा मालक कमोड आहे.

एक बारीक गोष्ट. कमोड आणि शॉवर यांचे पाइप फाललायटुंगला एकाच उंचीवर, समोरासमोर जोडू देऊ नका. फ्लशचा लोट समोरच्या पाइपात शिरू शकतो. त्यांच्या जोडणीच्या उंचीत किती फरक ठेवला आहे, हे इन्स्टालाट्योरला नकाशावर दाखवायला सांगा.

तळघरात बाथरूम करायचा विचार असेल तर एक शब्द पाठ करा : रूकश्टाउ. ढगफुटीसारखा पाऊस झाला की रस्त्याखालचं गटार तुंबतं आणि पाणी रस्त्याच्या पातळीपर्यंत चढतं. त्या पातळीखालचं प्रत्येक भांडं मग नळाचं काम करतं, फक्त पाणी गटाराचं. तिथे हेबेआनलागे, म्हणजे सांडपाणी पंपाने त्या पातळीच्या वर उचलून मग गटारात सोडणारं यंत्र, बसवावं लागतं. मैल्याच्या पाण्याचं असेल तर त्यालाही स्वतःची हवेची नळी छतापर्यंत लागते. नुसती उलट पाणी अडवणारी झडप काही अटींवरच चालते. घरात वापरणारे थोडेच हवेत, वरच्या मजल्यावर दुसरा संडास हवा, आणि गटाराकडे नैसर्गिक उतार हवा. हा खर्च आधी मांडा, मग तळघरातल्या पाहुण्यांच्या बाथरूमचं स्वप्न पाहा.

आता परवानगी.

फ्लॅट तुमचा असला तरी फाललायटुंग तुमची नाही. ती सगळ्यांच्या कामाची आहे, म्हणून सगळ्यांच्या मालकीची. शाफ्ट आणि स्लॅबही तसेच. आपल्या टाइल्स बदलणं वेगळं. पण सामायिक पाइपाला नवं तोंड पाडायचं, स्लॅबमध्ये भोक घ्यायचं, तर घरमालकांच्या सभेचा ठराव लागतो. १ डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या सुधारित कायद्यात, कलम २० मध्ये, हे आहे. त्यासाठी साधं बहुमत पुरतं. "सगळ्यांना माहीतच होतं, कुणी नाही म्हणालं नाही" हे चालत नाही. १७ मार्च २०२३ रोजी केंद्रीय न्यायालयाने एका प्रकरणात हेच सांगितलं. तिथे जोडघराच्या एका मालकाने ठराव न घेता बागेत पोहण्याचा तलाव खणायला घेतला होता. आधी ठराव, मग फावडं. सभा बऱ्याच ठिकाणी वर्षातून एकदाच होते, म्हणून विषय वेळेत पाठवा. माझ्या व्यवसायाच्या भाषेत सांगायचं तर तुमच्या प्रकल्पाचा क्रिटिकल पाथ टाइल्सच्या डिलिव्हरीवर नाही, या सभेच्या तारखेवर आहे. भाड्याच्या घरात असाल तर घरमालकाची लेखी संमती घ्या.

शेजाऱ्यांचाही विचार आहेच. आपल्या सोसायट्यांमध्ये वरच्या मजल्यावरचं लीकेज या एका विषयावर किती मैत्र्या तुटल्या, हे तुम्हाला सांगायला नको. इथे त्याच्या जोडीला आवाज येतो. डिन ४१०९ प्रमाणे पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या पाइपांचा आवाज शेजाऱ्याच्या झोपायच्या-बसायच्या खोलीत ३० डेसिबलपर्यंतच असावा. म्हणून पाइपाला रबर लावलेले क्लॅम्प हवेत, पाइप थेट भिंतीला किंवा एस्ट्रिशला टेकता कामा नये. स्लॅबमधून जाणाऱ्या पाइपाभोवतीची फट अग्निरोधक साहित्याने बंद करावी लागते, म्हणजे आग मजल्यामागून मजला चढत नाही. तोही मुद्दा कोटेशनमध्ये लिहून घ्या.

कोटेशनबद्दल बोलतोय तर, त्यात काय काय मागायचं? एक, पाइपांचा नकाशा : माप, लांबी, उतार, वळणं. दोन, ट्रॅपमधल्या पाण्याची उंची. तीन, हवा कुठून येणार. चार, सफाईचं तोंड कुठे, आणि ते टाइल्स लागल्यावरही उघडता येणार का. अभ्यंगस्नानाचं तेल, उटणं, शिकेकाई, लांब केस हे सगळं आपल्या शॉवरमध्ये जातं. जाळी उचलून ट्रॅप हाताने काढून धुता आला पाहिजे. पाच, शॉवरखालचा वॉटरप्रूफिंगचा थर डिन १८५३४ प्रमाणे. नळाच्या, म्हणजे पिण्याच्या पाण्याच्या जोडणीसाठी कारागीर पाणीपुरवठा कंपनीच्या यादीत नोंदलेला हवा. कमोडजवळ जेट स्प्रे हवा असेल तर आधीच सांगा. घाण पाणी उलट नळाच्या पाइपात जाऊ नये म्हणून त्याला वेगळं संरक्षण लागतं.

वॉटरप्रूफिंगचा मुद्दा पैशाशी जोडलेला आहे. २० ऑक्टोबर २०२१ रोजी याच केंद्रीय न्यायालयात एक विम्याचं प्रकरण निकाली निघालं. शॉवरच्या तळाच्या आणि भिंतीच्या मधल्या सिलिकॉनच्या सांध्यातून पाणी झिरपून नुकसान झालं होतं. त्या पॉलिसीच्या शब्दांत पाइपातून किंवा त्याला जोडलेल्या यंत्रणेतून आलेलं पाणी बसत होतं, सिलिकॉनचा सांधा बसत नव्हता. भरपाई नाही मिळाली. आपली पॉलिसी काढून तो परिच्छेद वाचा. सिलिकॉन हा शेवटचा पदर आहे, खरं काम त्याखालचा थर करतो.

भिंत बंद होण्याआधी दोन गोष्टी करा. सगळ्या भांड्यांतून एकाच वेळी पाणी सोडून प्रत्येक सांध्याला कोरडा टिश्यू लावून पाहा. आणि मोजपट्टी धरून प्रत्येक भिंतीचा फोटो काढा. दहा वर्षांनी आरसा टांगताना पाइप कुठे आहे हे त्या फोटोतच सापडेल.

बिल बँकेतून भरा, रोख देऊ नका. राहत्या घरातल्या अशा कामाच्या मजुरीचे २० टक्के, वर्षाला जास्तीत जास्त १,२०० युरो, आयकर कायद्याच्या कलम ३५अ प्रमाणे थेट करातून वजा होतात. त्यासाठी बिलात मजुरी आणि साहित्य वेगळं दाखवलेलं हवं. काम डिसेंबर-जानेवारीत पडत असेल तर दोन वर्षांत विभागून पैसे भरण्याबद्दल कारागिराशी बोलून ठेवा.

आणि एक खास आपल्यासाठी. आपण पाच-सहा आठवडे भारतात जातो. तेवढ्यात कमी वापराच्या बेसिनचा, फरशीच्या जाळीचा ट्रॅप सुकू शकतो. निघायच्या दिवशी प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी ओता. फरशीच्या जाळीत वरून चमचाभर गोडं तेल सोडा. त्याचा तवंग पाणी उडू देत नाही. परत आल्यावर पंखा लावायच्या आधी सगळीकडे पाणी सोडा.

तर मंडळी, या शनिवारी चौकटीचा कागद घ्या. बाथरूमचं माप घालून चौकोन काढा. फाललायटुंगचं वर्तुळ काढा. त्याच्यापासून प्रत्येक भांड्यापर्यंत निळी रेघ काढा आणि वर लांबी, वळणं, उतार लिहा. मग लाल रेघ काढा, हवा कुठून येते तिची. लाल रेघ कुठे अडत असेल तर इन्स्टालाट्योरला पहिला प्रश्न तोच विचारा. टाइल्सचा रंग घरातल्यांशी बोलून नंतर ठरेलच, त्याला भरपूर वेळ आहे.